डाळिंबी

फोटोत माझा शर्ट आला होता, मी आलो नव्हतो. घाटकोपर स्टेशनबाहेर एका जिन्याखालच्या चिंचोळ्या स्टुडिओत मी कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला होता. दोन दिवसांनी आणायला गेलो, तर फोटोग्राफरने तीन कॉप्या काउंटरवर मांडल्या आणि माझ्याऐवजी त्यांच्याकडेच बघत राहिला. पांढरी कॉलर स्वच्छ होती, खांदे होते, खिशावरची शिवणसुद्धा दिसत होती. कॉलरच्या वर मात्र दोन कान आणि त्यांच्यामध्ये अंधार. "शर्ट झकास आलाय," तो म्हणाला. "पण तू पांढरा घालून कशाला आलास रे? तुझ्या रंगावर पांढरा घातला की कॅमेरा शर्टच बघत बसतो. गडद काहीतरी घालून ये, फुकट काढून देतो." तो वाईट माणूस नव्हता. डॉक्टरने पथ्य सांगावं तसं त्याने सांगितलं, आणि मीही मान हलवून ते पाकीट खिशात टाकलं. पण रस्त्यावर आल्यावर ते परत काढून बघितलं. सोळा वर्षं आपण चेहरा घेऊन हिंडतो आहोत, अशी माझी समजूत होती.

गडद काहीतरी माझ्याकडे नव्हतंच. आमच्या घरात पांढरं होतं. आम्ही बौद्ध; जयंती असो, लग्न असो, वंदनेला सगळी वस्ती पांढऱ्यात निघते, त्यात नवल नव्हतं. पण माझ्या आईचं पांढरं त्याच्याही पुढचं होतं. रोजच्या नेसण्यातही ती फिकट धरायची, पांढऱ्यावर बारीक ठिपका, नाहीतर राखाडी काठ, आणि धुऊन धुऊन तेही पांढऱ्यातच जमा झालेलं. मला शाळेत पांढरा शर्ट होता तो गणवेश म्हणून. शाळा सुटली तरी शर्ट सुटला नाही. बाबा बस डेपोत कामाला, त्यांना कंपनीची खाकी, म्हणून ते वाचले. टेकडीवरच्या आमच्या वस्तीत सार्वजनिक नळाला सकाळी दोन तास पाणी यायचं. त्या दोन तासांत आई हंडे भरायची, आणि उरलेल्या पाण्यात एका बादलीत नीळ कालवून कपडे बुचकळायची. थेंब किती टाकायचे हे तिच्या हाताला माहीत होतं. जास्त झाली तर कपडा निळसर मारतो, कमी झाली तर पिवळा पडतो. शेजारच्या बायका हसायच्या, "शांताबाई, चिखलात राहून बगळ्याचा सोस कशाला गं?" त्यावर ती एकच उत्तर द्यायची, "पांढरं नेसायला आधी पाणी लागतं. आता मिळतंय ना? मग नेसते." लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. आई पांढरी आणि बाबा खाकी, हे जगाच्या सुरुवातीपासून असंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

विलेपार्ल्याच्या कॉलेजात गणवेश नव्हता, आणि तिथंच माझी वाट लागली. मुलं चौकड्यांचे, पट्ट्यांचे, खिशांवर झाकणं असलेले शर्ट घालून यायची. ती घरून निघताना आरशापुढे उभी राहून काही ठरवत असणार, हे मला हळूहळू उमगायला लागलं. म्हणजे कपडा अंगाला झाकण्यापलीकडे काहीतरी करत होता. वर्गात कुंदा नावाची एक हुशार मुलगी होती. एकदा तिला कोणाकडून तरी वही परत हवी होती. मी तिच्या मागच्याच बाकावर होतो आणि ती मैत्रिणीला विचारत होती, "अगं, तो नाही का, तो पांढरा शर्ट, त्याच्याकडे आहे का?" तिने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, हीच त्यातली पंचाईत. चिडवलं असतं तर भांडता आलं असतं. मी वही पुढे केली, तिने "थँक यू" म्हटलं, आणि तिचे डोळे माझ्या कॉलरवरून परत गेले. तेव्हा ते मला कळलं नव्हतं. फोटो हातात आल्यावर कळलं. कॅमेऱ्याने जे बघितलं तेच तीही बघत होती. मी स्टुडिओत परत गेलो नाही. तोच फोटो ओळखपत्रावर चिकटवला आणि वर्षभर त्या अंधाराखाली माझं नाव, जयवंत भीमराज, स्वच्छ टाइप केलेलं होतं.

त्यानंतरचे काही आठवडे मी रंगांशिवाय काही पाहिलं नाही. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. मुलगा कपड्यांचा विचार करतो म्हटल्यावर आमच्या वस्तीत त्याचं नाव पडायला वेळ लागत नसे. मी चोरून बघायचो. भाजीवालीपाशी उभा राहिलो की हात तिच्या नकळत वांग्यांजवळ न्यायचो आणि मनगट कसं दिसतं ते बघायचो. वांग्याजवळ माझं मनगट थोडं उजळ व्हायचं, कोबीजवळ एकदम विझायचं. दुधीजवळ आजारी दिसायचं. रेशनच्या दुकानाची हिरवी फळी, टपालपेटीचा लाल, रिक्षाचा पिवळा, सगळ्यांना मी हात लावून पाहिला. माझी कातडी एकच होती आणि ती दर दहा पावलांवर वेगळी दिसत होती, याचं मला इतकं आश्चर्य वाटायचं की काही वेळा मी रस्त्यात थांबून राहायचो. सोळा वर्षांत हे मला कोणी सांगितलं कसं नाही? आपण काळे, एवढंच ऐकत आलो होतो, आणि काळा म्हणजे एक संपलेली गोष्ट असं वाटायचं. आता दिसत होतं की त्यात तांबूस आहे, खाली कुठंतरी पिवळा आहे, नखांच्या कडेला जांभळा आहे. मी माझाच हात पहिल्यांदा बघत होतो. सहदेव माझा दोस्त, खालच्या गल्लीतला, त्याला मी आडून विचारलं. तो म्हणाला, "यार, आपल्यासारख्याने फिकट घालायचं. नियम आहे तो. गडद घातलं तर दिसणारच नाय आपण." "पण फोटोवाला उलट म्हणाला." "फोटोवाल्याला काय जातंय? तू कशाला इतका विचार करतोस, लग्न जमवायला बसलायस काय?" मी हसलो आणि विषय सोडला, पण तो नियम कोणी केला हे मात्र डोक्यात फिरत राहिलं.

जानेवारीत राधाचं लग्न होतं. राधा माझी चुलतबहीण, कांदिवलीला राहायची. लग्न बौद्ध पद्धतीने, म्हणजे नवरा-नवरी पांढऱ्यात आणि आम्हीही. माझे शर्ट बाह्यांना आखूड झाले होते, म्हणून आई मला कापडाच्या दुकानात घेऊन गेली. शेठने न विचारता पांढऱ्याचा तागा काढला. आईला तो वर्षानुवर्षं ओळखत होता. कात्री हातात घेता घेता त्याने माझ्याकडे पाहिलं, काय वाटलं कोणास ठाऊक, आणि म्हणाला, "बाई, पोरगा कॉलेजात गेला ना? एक रंगीत पण घ्या की." आणि मागच्या फळीवरून एक तागा ओढून त्याने त्याचं एक टोक माझ्या खांद्यावर फेकलं. डाळिंबी रंग होता. आत भिंतीला एक उभा आरसा होता आणि त्याच्यावर ट्यूबलाइट. मी वर पाहिलं. आरशात एक मुलगा होता आणि त्याला चेहरा होता. मी हे अतिशयोक्तीने सांगत नाही. गालाची हाडं वर आली होती, ओठांना कडा होती, डोळ्यांचं पांढरं स्वच्छ होतं, आणि कपाळावर एक प्रकारचा उजेड होता. तो दिव्याचा नव्हता, कारण दिवा तर मघाशीही होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा इतके दिवस कुठं होता?

"हा नको," आई म्हणाली. मी कापड खांद्यावरून काढायला लागलो. पण ती शेठशी बोलत होती. "यात तपकिरी आहे. तो खालचा काढा." शेठ म्हणाला, दोन्ही एकच आहेत, एकाच गिरणीचे. आईने ऐकलं नाही. ती साकीनाक्याच्या एका गाळ्यात दिवसभर बटणं निवडायची, एका छटेची बटणं एका पाकिटात, आणि तिची नजर चुकत नाही असं तिथला मुकादमसुद्धा म्हणायचा. पण घरी तिने रंगाबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. शेठने खालचा तागा काढला. आई तो घेऊन दुकानाच्या दारात गेली, मला उन्हात उभं केलं, कापड माझ्या गळ्याशी धरलं आणि बघत राहिली. बाजूने माणसं जात होती, कोणीतरी "ओ मावशी, रस्ता सोडा ना" म्हणालं, तरी ती हलली नाही. उन्हात तो रंग आरशातल्यापेक्षा खोल होता, डाळिंबाचे दाणे बोटांत दाबल्यावर येतो तसा. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, पण मला बघत होती असं वाटलं नाही. मग तिचा चेहरा मिटला. "घे," ती म्हणाली, आणि शेठला, "पांढरा राहू द्या. लग्नात जुनाच घालेल." परत येताना टेकडी चढेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिला राग आलाय, मी तिचं पांढरं मोडलंय, असं मला वाटत होतं. पण पिशवीत ते कापड होतं आणि माझा आनंद काही केल्या कमी होत नव्हता.

शिंप्याने लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शर्ट दिला. लांब कॉलर, दोन खिसे, त्यांवर झाकणं. सोमवारी तो घालून मी कॉलेजात जाणार होतो. तिथं मी आहे की नाही याचा सोमवारी निकाल लागणार होता, इतकं ते सरळ होतं माझ्या मनात. शर्टावर शिंप्याच्या खडूच्या रेघा होत्या आणि कापडाला खळीचा वास येत होता. घरी कोणी नव्हतं. आई अर्ध्या दिवसानंतर परस्पर राधाच्या आईकडे निरोप द्यायला गेली होती. सकाळी कामाला जाण्याआधी तिने लग्नाची पांढरी साडी आणि माझा पांढरा शर्ट नीळ घातलेल्या बादलीत भिजवून ठेवला होता. मी विचार केला, नीळ घातली की कपडा चमकतो. इतका चांगला शर्ट, याला का नको? आता हे वाचून कोणीही हसेल. पण ज्या घरात पांढरं आणि खाकी सोडून काही धुतलं जात नाही, तिथल्या मुलाला रंग सुटतो हे कसं माहीत असणार? आमच्या घरात जो काही थोडाफार रंग होता तो माझ्या जन्माच्या आसपासच सुटून संपला होता. मी नवा शर्ट घडी मोडून त्या बादलीत अलगद दाबला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

अर्ध्या तासाने आत आलो तर बादलीतलं पाणी जांभळं झालं होतं. मी साडीचं एक टोक वर काढलं. ती कुठं गुलाबी, कुठं जांभळट, कुठं अजून पांढरी होती, आणि ठिबकत होती. भीती वाटायला हवी होती. वाटलीच, उद्या सकाळी आठला निघायचं होतं आणि आईकडे दुसरी बरी साडी नव्हती. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या आधी एक क्षण असा गेला की मी नुसता बघत राहिलो. तो रंग पाण्यात अजून पसरत होता, साडीच्या धाग्यांतून वर चढत होता, कोणाची परवानगी न घेता, आणि इतका सुंदर होता की मला त्याची लाज वाटली. तेवढ्यात दारात आई उभी होती.

तिने मारलं नाही. ओरडलीही नाही. चपला काढल्या, बादलीपाशी उकिडवी बसली आणि हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत तिचा हात डाळिंबी दिसायला लागला. बराच वेळ ती तो हातच बघत होती. मी म्हणालो, "आई, मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "तुला कसं असणार? मीच ठेवलं नाही घरात." मग तिने सांगितलं, पाण्याकडे बघत, कोणाला तरी हिशेब देत असल्यासारखं नाही, तर जुनं काहीतरी सापडल्यावर माणूस बोलतं तसं.

"आमच्या गावात मढ्यावरचं लुगडं आमच्याकडं यायचं. पाटलाची सून गेली, तिच्यावरचं माझ्या आईला मिळालं. याच रंगाचं. आईनं त्याचा मला परकर शिवला, मी सात-आठ वर्षांची. गावातल्या बायकांना ओळखू यायचं ना, कोणाचं आहे ते. मी पाण्याला निघाले की म्हणायच्या, बघा, सूनबाई चालली. आणि हसायच्या. पाणी तर वरनंच ओतायच्या, दुरून." तिने पाण्यात बोटं फिरवली. "पण मला तो खुलायचा, जया. विहिरीच्या पाण्यात वाकून बघितलं एकदा, कोणी नसताना, शिवू देत नव्हते ना विहिरीला. मला दिसलं. मी चांगली दिसत होते. ते मला कळत होतं."

मी तिच्यासमोर भिंतीला टेकून बसलो होतो. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या.

"मग छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली. आमच्या वाड्यातल्या लोकांनी ठरवलं, असलं काही अंगाला लावायचं नाही. सगळ्यांनी आणून ढीग केला, पेटवला. माझ्या बापानं परकर टाकला त्यात. दुसऱ्या दिवशी सगळी पांढऱ्यात, नवंकोरं मांजरपाट. म्हातारी माणसं रडत होती आनंदानं. आणि मी परकरासाठी रडत होते. सगळ्यांना वाटलं मीपण आनंदानंच रडतेय. माझ्या बापानं मला उचलून घेतलं." तिने साडीचा पिळा हातात धरला. "इतकं मोठं काहीतरी चाललं होतं, आणि मी कशासाठी रडत होते बघ. कोणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांना पण नाही. म्हटलं, पांढरंच नेसेन. मरेपर्यंत."

मी तिला रोज बघत होतो, नळावर, चुलीपाशी, गाळ्यातून येताना, आणि तिच्या पांढऱ्यात मला काही दिसलं नव्हतं. बगळ्याचा सोस, एवढंच. त्या पांढऱ्याच्या तळाशी आठ वर्षांची एक मुलगी रडत होती आणि ती बरोबर होती, असं मला वाटलं. ती आग बरोबर होती आणि ती मुलगीही बरोबर होती. दोन्ही बरोबर कसं असू शकतं, ते मला तेव्हा समजलं नाही, आजही नीट मांडता येत नाही. दुकानाच्या दारात ती कोणाकडे बघत होती ते मला आता कळलं होतं. शेठच्या दोन ताग्यांतला नेमका रंग तिने अठ्ठावीस वर्षांनी ओळखला होता.

"उद्या काय नेसशील?" मी शेवटी विचारलं. आई उठली. फळीवरची मिठाची बरणी काढली आणि दोन मुठी मीठ बादलीत टाकलं. ती काम करायची त्याच्या बाजूच्या गाळ्यात कापड रंगवायचे, मिठाने रंग बसतो हे तिथं तिने पाहिलं असणार. "डाग राहिले तर लोक म्हणतील बाईला धुता येत नाही," ती म्हणाली. "एकसारखा येऊ दे." आणि तिने ती साडी, उरलेली पांढरी टोकं शोधून शोधून, पूर्ण पाण्याखाली दाबली. माझा पांढरा शर्टही तिथंच होता, तोही गेला. बाबा डेपोतून आले, बादलीत डोकावले, आमच्या दोघांकडे पाहिलं. "होळी लवकर आली काय रे यंदा?" ते म्हणाले. आई हसली. त्यांना ती काही सांगणार नव्हती हे मला कळलं, आणि मीही सांगितलं नाही.

सकाळी मी डाळिंबी शर्ट घातला, दुसरा बरा नव्हताच. इतका रंग सोडूनही तो डाळिंबीच राहिला होता. शंभर पांढऱ्या माणसांत मी एकटा असा दिसणार होतो, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. सोमवारही कुठंतरी दूर गेला होता. बाबा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यात खाली उतरून आमची वाट बघत होते. आईने पडद्यामागून साडी नेसली आणि बाहेर आली. साडी गुलाबी होती, एकसारखी, फिकट, कडेला किंचित गडद. ती दारातल्या उन्हात येऊन उभी राहिली आणि पदर दोनदा सारखा केला. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बरं दिसतं का रे?"

तिने आयुष्यात मला हे कधी विचारलं नव्हतं. बाबांनाही विचारताना मी ऐकलं नव्हतं. मी दोन महिने वांग्यांपाशी आणि टपालपेट्यांपाशी जे शिकलो होतो, ते सगळं घेऊन मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझी आई तेव्हा छत्तीस वर्षांची होती. तिच्या गालाला उंच हाड होतं. तिच्या रंगात तांबूस होता, माझ्यासारखाच, आणि आता तो वर आला होता. ती सुंदर होती. हे इतकं साधं होतं आणि मी सोळा वर्षं चुकवलं होतं.

"खुलतो, आई," मी म्हणालो. "तुला खूप खुलतो."

तिने मान खाली घालून पदराकडे पाहिलं. आता रागावते की काय, परत आत जाऊन बदलते की काय, असं वाटलं. खालून बाबांनी हाक मारली, "अगं, उशीर होतोय!" आईने ऐकलं नाही. तिने खिळ्यावरचा बाबांचा दाढीचा आरसा काढला आणि माझ्या हातात दिला.

"धर जरा," ती म्हणाली. "अजून वर. मला दिसू दे."